कोटींनी पेशी, वाटाड्या एकही नाही

मज्जारज्जूला मार लागलेल्या माणसाच्या घरात हल्ली दोन कागद हमखास सापडतात. एक एमआरआयचा रिपोर्ट, जो घरातल्या कुणालाच नीट वाचता येत नाही. दुसरं एक चकचकीत पत्रक, जे सगळ्यांना नीट वाचता येतं. निळ्या उजेडात चमकणारी चेतापेशी, व्हीलचेअर मागे ठेवून उभा राहिलेला कुणी परदेशी माणूस आणि खाली मूलपेशींचा (स्टेम सेल) आकडा. आकडा कोटींत असतो. पेशी जितक्या जास्त तितकं पॅकेज मोठं, आणि पॅकेज जितकं मोठं तितकी आशा मोठी, असा सरळ हिशेब.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, सांगली-मिरज पट्ट्यात काम करते. आंब्यावरून पडलेले, उसाच्या ट्रॉलीखाली सापडलेले, हायवेवर मोटारसायकलीसकट फरफटत गेलेले, असे सगळे शेवटी आमच्याच मॅटवर येतात. त्यांचे भाऊ, बायका, बाप ते पत्रक माझ्यासमोर उलगडतात आणि विचारतात, "मॅडम, हे करून बघावं का?" मी उलट विचारते, "या पेशींनी व्हायचं काय आणि जायचं कुठे, हे त्यांना कोण सांगणार आहे?" गंमत म्हणजे बहुतेकांनी हा प्रश्न तिथे आधीच विचारलेला असतो. पेशंटचे नातेवाईक अडाणी असतात, हा आमच्या क्षेत्राचा लाडका गैरसमज आहे. त्यांना मिळालेलं उत्तरही ठरलेलं असतं: "होमिंग होतं. पेशी आपोआप जखमेकडे जातात."

ज्या प्रश्नापायी माद्रिदपासून सॅन दिएगोपर्यंत माणसांनी आयुष्यं घातली, त्याचं उत्तर इथे रिसेप्शनवर मिळतं, तेही चहासोबत. शिरेतून सोडलेल्या अस्थिमज्जेच्या पेशी बहुसंख्येनं पहिल्याच फेरीत फुप्फुसाच्या केशवाहिन्यांत अडकून पडतात, हे प्राण्यांवरच्या प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. मज्जारज्जूकडे निघालेली पेशी छातीतच मुक्काम ठोकते. म्हणून मग काही ठिकाणी कमरेतून सुई घालून मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात पेशी सोडतात आणि पत्रकात त्याला 'थेट उपचार' म्हणतात. थेट म्हणजे द्रवापर्यंत. तिथून पुढे पुन्हा सगळं आपोआपच.

मूलपेशींवर माझा राग नाही. राग आहे तो विक्रीसाठी सोयीनं गाळलेल्या टप्प्यावर. पेशी मिळवणं हा आता यातला सोपा भाग झाला आहे. १९९२ मध्ये कॅल्गरीच्या रेनॉल्ड्स आणि वाइस यांनी प्रौढ उंदराच्या मेंदूतून चेता-मूलपेशी वेगळ्या काढून प्रयोगशाळेत वाढवून दाखवल्या. १९९८ मध्ये जेम्स थॉमसन यांनी मानवी भ्रूणातल्या मूलपेशी मिळवल्या. २००६ मध्ये शिन्या यामानाका यांनी उंदराच्या साध्या त्वचेच्या पेशीला मागे फिरवून मूलपेशीसारखं केलं आणि पुढच्याच वर्षी माणसाच्या पेशीवर तेच साधलं. म्हणजे पेशी हव्या तितक्या आहेत. प्रश्न आहे तो त्या पेशीनं चेतापेशी व्हायचं की आधारपेशी, धागा कुठल्या दिशेला लांबवायचा आणि शेवटी कुणाला जाऊन भेटायचं, हा. हे चुकलं तर वाढ उपद्रव ठरते.

याचा पुरावा बघायला प्रयोगशाळेत जायची गरज नाही. चेहऱ्याच्या मज्जातंतूचा लकवा झाल्यावर तंतू परत वाढतात, पण कधीकधी चुकीच्या नळीत शिरतात. लाळग्रंथीकडे जायचे ते अश्रुग्रंथीकडे जातात. मग तो माणूस भाकरीचा तुकडा तोंडात घालतो आणि त्याच्या एका डोळ्यातून पाणी येतं. दुसऱ्या कुणाचा हसताना डोळाच मिटतो. वाढ अगदी भरघोस झालेली असते. लग्नाच्या फोटोत एक डोळा मिटून उभ्या असलेल्या नवरीला विचारा, ती वाढ तिला हवी होती का.

रॉजर स्पेरी यांनी १९४० च्या दशकात बेडकांवर याहून क्रूर आणि याहून स्पष्ट प्रयोग केले. बेडकाचा दृष्टीतंतू कापला, डोळा १८० अंशांत फिरवून बसवला. बेडकाचा दृष्टीतंतू परत वाढतो, माणसाचा नाही. तो वाढला आणि प्रत्येक धागा मेंदूतल्या आपल्या जुन्या जागी बिनचूक पोचला. डोळा उलटा असल्यामुळे बेडकाला जग उलटं दिसू लागलं. माशी वर, तर जीभ खाली चिखलात. आणि तो बेडूक सरावानं कधीच सुधारला नाही. यातून स्पेरींनी काढलेला निष्कर्ष असा की धाग्यांना जागा रासायनिक खुणांनी कळते आणि त्या खुणा पाळल्या जातात. त्या खुणा काय, त्या कधी उमटतात, प्रौढ माणसात त्यांतल्या किती शिल्लक राहतात, हे शोधण्यात पुढची कित्येक वर्षं गेली. आपल्याकडे मात्र ते सगळं काम 'होमिंग' उरकतं.

आता पेशी कोणत्या, तेही बघू. आपल्याकडे विकल्या जातात त्या बहुतेक वेळा कमरेच्या हाडातून काढलेल्या अस्थिमज्जेच्या. याला जुना आधार दिला जातो. २००० सालाच्या सुमारास काही प्रयोगशाळांनी जाहीर केलं की अस्थिमज्जेच्या पेशी मेंदूत जाऊन चेतापेशी बनतात आणि ताटलीत विशिष्ट रसायनं घातली की काही तासांत त्यांना चेतापेशीसारखे धागे फुटतात. जगभर बातम्या झाल्या. मग २००२ मध्ये दिसलं की अशा पेशी दुसऱ्या पेशींशी एकजीव होऊ शकतात, आणि पुढच्या वर्षी उंदराच्या मेंदूतही तेच आढळलं. 'नवी चेतापेशी' म्हणून जे दाखवलं होतं त्यातलं बरंचसं जुन्याच पेशीला चिकटलेलं होतं. २००४ मध्ये तर सॅन दिएगोच्या तुशिन्स्की यांच्या गटानं त्या ताटलीतल्या धाग्यांचं बिंग फोडलं. त्याच पेशींवर डिटर्जंट टाकला, मीठ जास्त केलं, आम्ल वाढवलं, तरी तसेच धागे दिसले. पेशी विषानं आक्रसत होती. काठ जिथे चिकटलेला राहिला तिथे शेपटी दिसत होती आणि बघणारे तिला मज्जातंतू म्हणत होते. या गोष्टीला वीस वर्षं उलटली. पत्रकावरचं चित्र मात्र अजून तेच आहे.

अस्थिमज्जेच्या पेशी दाह कमी करतात, काही पोषक द्रव्यं सोडतात, असं आता सांगितलं जातं. सांगा ना. पण मग पत्रकावर तेच छापा: 'आमच्या पेशी मज्जातंतू बनत नाहीत, थोडी सूज कमी करू शकतात, तेही अजून नीट सिद्ध व्हायचं आहे.' या वाक्यावर किती जण जमीन गहाण ठेवतील तेही मग कळेल.

ज्यांना खरोखर वाट दाखवायची आहे ते काय करतात, ते वर्तमानपत्रांत येत नाही, कारण ते रटाळ असतं. मला त्या रटाळपणाबद्दल अपार आदर आहे. २००५ मध्ये स्टॉकहोमच्या करोलिन्स्का संस्थेतल्या गटानं उंदरांच्या दुखावलेल्या मज्जारज्जूत खऱ्या चेता-मूलपेशी बसवल्या. मागच्या पायांत सुधारणा दिसली. पण त्याच वेळी पुढचे पाय, ज्यांना मुळात काही झालेलं नव्हतं, ते इतके हळवे झाले की नुसत्या स्पर्शानं प्राणी कळवळू लागले. कारण बसवलेल्या पेशींपैकी बहुतेक चेतापेशी झाल्याच नाहीत, ॲस्ट्रोसाइट नावाच्या आधारपेशी झाल्या आणि त्यांच्या आसपास वेदना वाहणारे तंतू भलतीकडे फुटले. मग त्याच गटानं न्यूरोजेनिन-२ हे एक जनुक त्या पेशींत घालून त्यांना ॲस्ट्रोसाइट होण्यापासून रोखलं. वेदना आली नाही आणि चालही जास्त सुधारली. पेशी तीच होती. दिशा दिली तर औषध, नाही दिली तर यातना. वीस वर्षांपूर्वी हे छापून आलं आहे. आमच्याकडे इंजेक्शननंतर पाय 'जळजळतात' म्हणून सांगणाऱ्या पेशंटला तिथून उत्तर मिळतं: "चांगलं लक्षण आहे, नस जागी होतेय." ते उत्तर देणाऱ्याला हा शोधनिबंध कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवावा.

पेशीला दिशा देण्याचे मार्ग बघितले तर माणूस थक्क होतो. एक मार्ग रसायनांचा. गर्भात ज्या क्रमानं खुणा मिळतात त्याच क्रमानं त्या पेशीला द्यायच्या. २००२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये विख्टर्ले आणि जेसल यांनी रेटिनॉइक ॲसिड आणि सोनिक हेजहॉग या दोन संकेतांच्या जोरावर उंदराच्या भ्रूण-मूलपेशींना थेट हालचालीच्या चेतापेशींपर्यंत नेलं. दुसरा मार्ग मला स्वतःला जास्त भुरळ घालतो, कारण माझं सगळं काम हातानं चाचपण्याचं आहे. पेशी ज्या पृष्ठभागावर बसते त्याचा मऊपणा. बर्कलीच्या गटानं २००८ मध्ये दाखवलं की चेता-मूलपेशी मेंदूइतक्या मऊ जेलवर ठेवल्या तर चेतापेशींकडे झुकतात आणि तेच जेल कडक केलं तर आधारपेशींकडे. म्हणजे पेशी आपल्या खालची जमीन चाचपते आणि ठरवते, मी कोण. आता जुन्या जखमेच्या जागी मज्जारज्जूत काय असतं? कुठे व्रण, कुठे पाण्यानं भरलेली पोकळी. त्या जागी पेशी नुसत्या ओतल्या तर त्यांना कुठला संदेश मिळेल? नदीच्या दोन्ही काठांवर सिमेंटची पोती नेऊन रिकामी केली म्हणजे पूल होत नाही.

शिवाय मज्जारज्जू वाढीला नुसती मदत करत नाही असं नाही, तो वाढ अडवतो. हात-पायांतला मज्जातंतू कापला तर दिवसाला साधारण एक मिलिमीटर या वेगानं परत वाढतो, कारण तिथल्या श्वॉन पेशी रांगेनं उभ्या राहून त्याला वाट करून देतात. मज्जारज्जूत तसं होत नाही. मॉन्ट्रियलमध्ये सॅम्युएल डेव्हिड आणि अल्बर्ट आग्वायो यांनी १९८१ मध्ये उंदराच्या पायातला मज्जातंतूचा तुकडा घेऊन तो मज्जारज्जूला बाहेरून पुलासारखा जोडला, तर मध्यवर्ती चेतापेशींचे धागे त्यातून तीन सेंटीमीटरच्या आसपास वाढले. पलीकडच्या टोकाला पुन्हा मज्जारज्जूत शिरायची वेळ आली, तिथे थांबले. धाग्यात जोर होता, जागा शत्रूची होती. झुरिकच्या मार्टिन श्वाब यांनी त्या शत्रूंपैकी एक, नोगो नावाचं प्रथिन, पुढे शोधून काढलं.

तुशिन्स्की आणि पॉल लू यांनी २०१२ मध्ये उंदरांच्या पूर्ण तोडलेल्या मज्जारज्जूत फायब्रिनचं जेल आणि वाढघटकांचं मिश्रण घालून चेता-मूलपेशी बसवल्या. धागे लांबच लांब गेले. त्या शोधनिबंधातली चित्रं बघून मीही खुर्चीतून उठले होते. पण हे विज्ञान असल्यामुळे गोष्ट तिथे संपली नाही. अर्व्हाइनच्या ऑस्वाल्ड स्टीवर्ड यांच्या प्रयोगशाळेनं तोच प्रयोग करून पाहिला. धागे वाढले हे त्यांनाही दिसलं, चाल सुधारली हे मात्र दिसलं नाही. आणि २०१४ मध्ये त्यांनी आणखी एक दाखवलं: बसवलेल्या पेशी मूळ जागेपासून दूर, पार मेंदूच्या पोकळीपर्यंत जाऊन ठिकठिकाणी वस्त्या करून बसल्या होत्या. तुशिन्स्की यांचा गट पुढे माकडांकडे वळला, तेव्हा सुरुवातीला कलम जागेवर टिकेचना. जेल घट्ट करावं लागलं, मज्जारज्जूभोवतीचा द्रव निचरून जावा म्हणून शस्त्रक्रियेचं टेबल कलतं करावं लागलं. २०१८ मध्ये हे छापून आलं. टेबल किती कलतं करायचं, इथपर्यंत! आणि आपल्याकडे सकाळी हाडातून काढायचं, दुपारी सुईनं सोडायचं, संध्याकाळी डिस्चार्ज.

जपानचं उदाहरण तर दोन्ही बाजूंनी बोलकं आहे. टोकियोच्या केओ विद्यापीठात हिदेयुकी ओकानो यांच्या गटानं त्वचा-रक्तापासून मागे फिरवलेल्या पेशींतून चेता-पूर्वपेशी बनवण्यात कित्येक वर्षं घालवली. मधल्या काळात त्यांच्याच प्रयोगांत काही उंदीर आधी बरे चालू लागले आणि मग पेशींच्या गाठी वाढल्यामुळे पुन्हा लुळे पडले. ते त्यांनी २०१५ मध्ये स्वतःच छापलं. आपल्याकडच्या किती दवाखान्यांनी आपला एक तरी बिघडलेला पेशंट स्वतः छापला आहे? पेशींनी विभागत बसू नये, चेतापेशीकडेच जावं, म्हणून त्यांनी नॉच हा संकेत अडवणारं रसायन आधी देण्याची पद्धत बसवली. २०२१ च्या डिसेंबरात पहिल्या माणसाला पेशी दिल्या. किती? वीस लाख. कोटी नाही. सुरक्षिततेसाठी मुद्दाम कमी. मार्च २०२५ मध्ये चार जणांचे निकाल जाहीर झाले. दोघांमध्ये सुधारणा, त्यातला एक आधाराविना उभा राहून चालण्याचा सराव करू लागला. दोघांत इजेची श्रेणी बदलली नाही. चार जण म्हणजे पुरावा नव्हे, सुरुवात, असंच त्यावर बोललं गेलं. त्याच देशात २०१८ मध्ये अस्थिमज्जेच्या पेशींच्या एका उत्पादनाला सशर्त परवानगी दिली गेली होती, तीही फक्त तेरा जणांच्या जोरावर आणि तुलनेला दुसरा गट न ठेवता. 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकानं त्यावर सरळ टीका केली. तेव्हा घाई ही फक्त आपली मक्तेदारी नाही. आपली मक्तेदारी आहे ती बेफिकिरीची.

"अहो, फायदा नाही झाला तर नुकसान तरी काय? त्याच्याच पेशी." हे वाक्य मी एमडी झालेल्या माणसांच्या तोंडून ऐकलं आहे. ऐका मग. एका इस्रायली मुलाच्या मेंदूत मॉस्कोमध्ये गर्भातल्या चेता-मूलपेशी वारंवार सोडल्या गेल्या. पुढे मेंदूत आणि मज्जारज्जूत गाठी निघाल्या. तपासल्यावर त्या त्याच्या नव्हत्या, दात्यांच्या होत्या. २००९ मध्ये हे प्रसिद्ध झालं. बोस्टनच्या डॉक्टरांनी २०१६ मध्ये एका माणसाबद्दल लिहिलं, जो पक्षाघातानंतर चीन, अर्जेंटिना, मेक्सिको असा फिरून इंजेक्शनं घेऊन आला होता. त्याच्या पाठीच्या कण्यात वाढलेली गाठही दुसऱ्याच कुणाच्या पेशींची होती. "पण त्या परक्या पेशी होत्या!" ठीक. लिस्बनमध्ये एका तरुणीच्या मज्जारज्जूत तिच्याच नाकातल्या आवरणाच्या पेशी बसवल्या होत्या. त्यातल्या घ्राणतंतूंशेजारच्या पेशींनी वाट दाखवावी, ही कल्पना. आठ वर्षांनी पाठ दुखू लागली म्हणून उघडलं, तर आत एक गाठ, आणि त्या गाठीत शेंबूड. नाकातल्या पेशींनी नाकातलंच काम केलं होतं, पाठीच्या कण्यात बसून. स्वतःच्याच पेशी होत्या हो!

आता कायदा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं २००७ मध्ये मूलपेशींच्या संशोधन आणि उपचारांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. २०१३ मध्ये ती सुधारताना शीर्षकातून 'उपचार' काढून टाकला, कारण काही रक्तविकारांसाठीचं अस्थिमज्जा प्रत्यारोपण सोडलं तर तसा मान्य उपचारच नव्हता. २०१७ च्या आवृत्तीतही तेच: बाकी सगळं प्रयोग आहे, तो नोंदणीकृत चाचणीतच करायचा, आणि प्रयोगात सहभागी झालेल्याकडून पैसे घ्यायचे नाहीत. २०१९ च्या औषध चाचणी नियमांत मूलपेशींपासून बनवलेली उत्पादनं नवं औषध म्हणून धरली गेली. डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीतिमत्ता मंडळानं स्वमग्नतेसाठी मूलपेशी देणं हे गैरवर्तन ठरवलं. कागदावर सगळं आहे. पळवाटही कागदावरच आहे: पेशीवर फारशी प्रक्रिया केली नाही तर ती औषध होत नाही, ती शस्त्रक्रियेतली साधी कृती होते. म्हणून बाजारात कमीत कमी प्रक्रिया केलेली पेशी चालते. म्हणजे विज्ञान सांगतं, या पेशींना जास्तीत जास्त शिकवून पाठवा, आणि धंदा सांगतो, जितकं कमी शिकवाल तितकं कायद्यातून सुटाल. पेशी अडाणी ठेवण्यात नफा आहे.

 

मला सर्वांत जास्त चीड येते ती माझ्याच व्यवसायाच्या वापराची. पॅकेज नीट वाचा. इंजेक्शनसोबत 'इन्टेन्सिव्ह रिहॅब' असतं. रोज कित्येक तास व्यायाम, उभं करण्याची फ्रेम, पाण्यातले व्यायाम, कॅथेटरची शिस्त, बेडसोअरची काळजी. ज्याला गावात आठवड्यातून दोनदासुद्धा फिजिओ मिळत नव्हता, त्याला महिनाभर हे सगळं मिळालं तर तो सुधारेल नाहीतर काय होईल? बसताना तोल सावरतो, पलंगावरून खुर्चीवर स्वतः सरकतो. त्यातून मार अर्धवट असेल आणि पहिलं वर्ष चालू असेल तर थोडी ताकद तशीही परत येते. घाम त्या पेशंटचा आणि आमचा, व्हिडिओत मात्र "स्टेम सेलनंतर बघा कसा बसतो." तुलनेला दुसरा गट ठेवा, फक्त फिजिओ मिळालेला. ठेवत नाहीत. ठेवला तर इंजेक्शनच्या ओळीपुढे काय लिहायचं?

आणि वेळ. ब्रेकियल प्लेक्सस, म्हणजे हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंचं जाळं, दुखावलेल्या पेशंटबद्दल मी अजिबात शांत राहू शकत नाही. मोटारसायकलवरून पडून मान आणि खांदा विरुद्ध दिशांना ओढले गेले की हाताकडे जाणारे मज्जातंतू तुटतात किंवा मुळासकट उपटतात. पोरं वीस-बावीसची असतात. इथे खरा, सिद्ध झालेला मार्ग आहे: मज्जातंतूचं स्थलांतर. फ्रान्सच्या ओबर्लीं यांनी १९९४ मध्ये दाखवलेल्या शस्त्रक्रियेत करंगळीकडे जाणाऱ्या निरोगी मज्जातंतूतला एक बारीक पदर काढून दंडाच्या स्नायूच्या तंतूला, अगदी स्नायूजवळ जोडतात. कोपर वाकतं, घास तोंडापर्यंत जातो. वाट दाखवणं म्हणजे काय, याचं यापेक्षा नितळ उदाहरण मला माहीत नाही. योग्य जातीचा तंतू, योग्य ठिकाणी, कमीत कमी अंतरावर. पण हे सहा महिन्यांच्या आत झालं तर उत्तम. वर्ष-दीड वर्षानं स्नायूतली जोडणीची जागाच मरते, मग दिवसाला एक मिलिमीटरनं सरकत येणारा तंतू पोचला काय आणि न पोचला काय. ही पोरं माझ्याकडे येतात तेव्हा इंजेक्शनांचा तिसरा 'सेशन' झालेला असतो आणि वर्ष संपत आलेलं असतं. पैसे गेले ते गेलेच, हातही गेला. आणि हा हात गेल्याची नोंद कुठल्याच दुष्परिणामांच्या यादीत होत नाही, कारण इंजेक्शननं काहीच केलं नाही, नुसता वेळ खाल्ला.

जाता जाता एक गोष्ट सांगायलाच हवी. कुष्ठरोगानं पंजा झालेला हात अजूनही माझ्याकडे येतो. जगातले निम्म्याहून जास्त नवे कुष्ठरुग्ण आपल्या देशात सापडतात. २०१३ मध्ये एडिनबर्गच्या अनुरा रामबुक्काना यांच्या गटानं उंदरांच्या पेशींत दाखवलं की कुष्ठरोगाचा जंतू श्वॉन पेशीत शिरतो, तिची ओळख सांगणारी जनुकं बंद करतो, तिला मागे नेऊन मूलपेशीसारखं करतो आणि तिच्यात बसून दुसऱ्या ऊतींत प्रवास करतो. पेशीला मागे फिरवायचं, नवं रूप द्यायचं आणि हव्या ठिकाणी न्यायचं, हे सगळं त्या जंतूला येतं. रामबुक्काना यांचा गट त्यातून काही शिकता येईल का ते बघतोय. या हातांसाठी वेल्लोरला पॉल ब्रँड यांनी काय केलं? तंतू परत येत नाही हे मान्य केलं, आणि धडधाकट स्नायूचा कंडरा वळवून बोटांना जोडला. आमच्यासारखे लोक मग त्या स्नायूला नवं काम शिकवत बसतात. त्या हातानं माणूस शर्टाची गुंडी लावतो. त्याचं पत्रक कुणी छापत नाही.

महाराष्ट्रात २०१७ मध्ये कट प्रॅक्टिसविरोधी, म्हणजे पेशंट पाठवल्याबद्दल कमिशन देण्या-घेण्याविरोधी, कायद्याचा मसुदा झाला, चार दिवस गाजला आणि फायलीत गेला. त्यामुळे गेल्या पावसाळ्यात मला असा फोन आला याचं आश्चर्य वाटायचं कारण नव्हतं. आवाज गोड, पद 'रिलेशनशिप मॅनेजर'. माझ्याकडे मणक्याचे आणि प्लेक्ससचे पेशंट येतात हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं. दर पेशंटमागे किती मिळेल ते त्यानं आकड्यात सांगितलं, वर एका परिषदेचं निमंत्रण. मी त्याला विचारलं, तुमच्या पेशी चेतापेशी होतात हे तुम्ही कशावर तपासता, आणि इंजेक्शननंतर वर्षानं किती पेशंट तुम्ही परत बोलावून बघितले? तो म्हणाला, "मॅडम, ते टेक्निकल टीम बघते." मी म्हटलं, "मग त्या टीमला फोन करायला सांगा." थोडा वेळ थांबून त्यानं अगदी व्यावहारिक काळजीनं विचारलं, "म्हणजे सध्या तुमचे प्लेक्ससचे पेशंट तुम्ही कुठे पाठवता?"

"मज्जातंतूंची शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनकडे," मी म्हटलं. "पहिल्या तीन महिन्यांत."

"अच्छा," तो म्हणाला. "ते किती देतात?"